मांडवीचा कोसळलेला पूल

लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून पणजीस जाणाऱ्या प्रवाशाने तेथील दोन पुलांचा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा. पणजी व रायबंदर यांना जोडणारा पहिला पूल पोर्तुगीज अमदानीत, सतराव्या शतकात, जांभ्या दगडाने बांधला गेला. त्यावरून आजही रहदारी चालते. दुसरा गोवामुक्तीनंतर खुद्द मांडवीवर उभारलेला काँक्रीटचा. तो १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, कोसळला. लोकांना पुन्हा होड्यांचा व फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला.

एक पूल शतकानुशतके टिकावा आणि दुसरा अवघी सोळा वर्षे, हे कसे? दगडी कमानीत सारा भार दाबानेच पेलला जातो. तिच्या पोटात लोखंड नसते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण पडताच तडकते. म्हणून त्यात लोखंड घालण्याची युक्ती निघाली. जोसेफ मॉनिए या फ्रेंच माळ्याने १८६७ मध्ये अशा कुंड्यांचे पेटंट घेतले. पुढे त्याच तत्त्वावर पूल व इमारती उभ्या राहिल्या.

ओल्या सिमेंटमधील क्षारता सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा निर्माण करते. तो शाबूत असेतो गंजास शिरकाव नाही. परंतु खाऱ्या हवेतील मीठ काँक्रीटच्या छिद्रांतून आत झिरपते आणि तो पापुद्रा भेदते. हवेतील कर्बवायूही हळूहळू क्षारता हरण करतो. मग पाणी व प्राणवायू आपले काम सुरू करतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या रेट्याने काँक्रीट फुटते, खपल्या गळतात आणि सळई व काँक्रीट यांची पकड सुटते. हिशेब पाहा: १६ मिलिमीटर जाडीची सळई सभोवार केवळ १ मिलिमीटर झिजली, तर तिचे सुमारे पाव बळ गेलेच!

मांडवीच्या पुलात साध्या सळ्यांबरोबर जबरदस्त ताणलेल्या पोलादी ताराही होत्या. त्यांचा गंज हे पुलाच्या नाशाचे एक प्रमुख कारण मानले जाते. अशा तारा बारीक असतात, नित्य ताणाखाली असतात आणि नळ्यांत दडलेल्या असतात. त्यामुळे त्यांचा क्षय बाहेरून दिसत नाही आणि त्या तुटताना फारशी पूर्वसूचनाही मिळत नाही.

मांडवीवर पुढे नवे पूल झाले. तथापि हा धडा केवळ गोव्यापुरता नाही. आपल्या पावसाळी मुलुखातील शाळांची छपरे आणि पाण्याच्या टाक्या याच मिश्रणाच्या आहेत. वाळू व पाणी मीठविरहित असावे, काँक्रीट घट्ट बसवावे, सळईवर त्याचे पुरेसे आवरण राखावे, एवढी दक्षता बांधतानाच घ्यावयाची असते. आणि पुढे कधी छतावर तांबूस डाग वा सळईच्या रेषेने गेलेली भेग दिसली, तर तिच्यावर गिलावा व रंग चढवून समाधान मानू नये. डाग झाकला म्हणून गंज थांबत नाही. जाणकारास वेळीच बोलवावे. मुले त्याच छपराखाली बसतात.