आर्नोकाठची छत्री

परदेशप्रवासाचे शेवटचे दिवस मोठे चमत्कारिक असतात. देह युरोपात असतो आणि चित्त केव्हाच घराकडे निघालेले असते. आम्ही एका प्रवासी मंडळीबरोबर युरोपची सहल केली, तेव्हाही असेच झाले. फ्लॉरेन्सला पोहोचेपर्यंत निम्मी मंडळी सामानाचे वजन करण्यात आणि उरलेली आमटी-भाताच्या आठवणीत गुंतली होती. घुमट पाहिला, मायकेलँजेलोचा पुतळा पाहिला, आणि बस पुढे निघाली. याच गावाच्या पश्चिमेस, आर्नो नदीच्या काठी, कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री आहे, हे वाटाड्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून हा लेख.

कोल्हापूरच्या गादीवर १८६६ साली दत्तक आलेले राजाराम महाराज हे मूळचे पाटणकर घराण्यातील नागोजीराव. आधीच्या महाराजांचे ते भाचे. इंग्रजी शिक्षण घेतलेले, जग पाहण्याची हौस असलेले. १८७० च्या मे महिन्यात ते विलायतेस निघाले, तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. सुवेझचा कालवा खुला होऊन वर्षही झाले नव्हते. समुद्रपर्यटन म्हणजे धर्मबाह्य वर्तन, असे मानणाऱ्या त्या काळात एका हिंदू राजाने बोटीवर पाऊल ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. बरोबर स्वतःची माणसे होती, आणि मार्गदर्शक म्हणून कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तीही एक आखीव सहलच होती. फरक इतकाच, की आखणी सरकारच्या नजरेखाली झालेली होती. महाराज रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहीत. वेस्टने ती पुढे १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

इंग्लंडमधील मुक्काम आटोपून परतण्याची वेळ आली तेव्हा युरोप पेटलेला होता. जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. सप्टेंबरच्या आरंभी तिसरा नेपोलियन सेदान येथे कैद झाला आणि त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला. फ्रान्सवरून जाणारी नेहमीची वाट त्यामुळे सोडावी लागली. ही मंडळी बेल्जियम, जर्मनी करीत आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. हिवाळा तोंडावर आलेला, आणि महाराजांची प्रकृती बिघडलेली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. तेथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे देहावसान झाले.

आता खरा प्रश्न उभा राहिला. परक्या ख्रिस्ती मुलखात हिंदू राजाला अग्नी द्यायचा कसा? इटलीत दहनाची चाल नव्हती. याच तस्कनी प्रांताच्या समुद्रकिनाऱ्यावर १८२२ साली कवी शेलीचे दहन झाले होते खरे, परंतु ते साथीच्या रोगांसंबंधीच्या नियमांमुळे. मिलानमध्ये रीतसर दहनगृहातील पहिले दहन व्हायला १८७६ साल उजाडावे लागले. तरीही फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. याचे आम्हांला आजही नवल वाटते. जागा निवडली गेली ती काशिने उद्यानाच्या टोकाची, जेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. पंचगंगेकाठच्या माणसांनी परक्या मुलखात हुडकला तोही संगमच! रात्रीच्या अंधारात नदीकाठी चिता पेटली. घाट नाही, आप्त नाहीत. दूरदेशीच्या धन्याबरोबर निघालेली चार माणसे तेवढी जवळ उभी.

१८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडेही त्यांचेच. छत्रीखालचा महाराजांचा अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. त्यावर रंगही चढवलेला आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या स्थळाला ‘इंदियानो’ म्हणू लागले. शेजारीच नदीवर नवा पूल बांधून १९७८ साली पुरा झाला, त्यालाही तेच नाव मिळाले. रोज त्यावरून जाणाऱ्या कितीजणांना हा हिंदी माणूस कोण ते ठाऊक असेल, कोण जाणे! कोल्हापुरात मात्र १८८० पासून राजाराम महाविद्यालयाच्या रूपाने महाराजांचे नाव घेतले जाते. पुढे १९०२ साली शाहू महाराज विलायतेस गेले, तेव्हा समुद्राची भीती बरीच ओसरलेली होती.

आपण राहतो त्या वसाहतीला जिचे नाव आहे, ती राणी लक्ष्मीबाईही मराठी मुलखाबाहेरच जन्मली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला तिचे दहन झाले तेही घाईघाईने, शत्रू जवळ असताना. आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांना आपण यमुनेकाठी निगमबोध घाटावर निरोप दिला. अस्थी कोणी हरिद्वारला नेल्या, कोणी नाशिकला. त्यावरून घरोघर झालेले वादही आम्हांला आठवतात.

यंदाही मंडळातील काही कुटुंबे युरोपला निघाली आहेत. फ्लॉरेन्सच्या दिवशी वाटाड्याकडे एक तास मागून घ्या आणि काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकापर्यंत चालत जा.