लाल विंचू आणि मेंदूचीं द्वारें

विंचू म्हटला कीं आपणांस एकनाथांचें भारूड आठवतें, नाहींतर विष उतरविणारा मांत्रिक. परंतु सातारा-सांगलीच्या माळापासून कोंकणापर्यंत आढळणाऱ्या लाल विंचवानें मेंदूच्या शास्त्रासहि हातभार लावला आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं.

मेंदूची पेशी बोलते ती विजेच्या क्षणिक लहरींनीं. सोडियमचे कण आंत शिरले कीं लहर उठते. पोटॅशियमचे कण बाहेर पडले कीं ती शमते. पेशीच्या आवरणांतील प्रथिनांच्या द्वारांनीं ही ये-जा चालते. पोटॅशियमच्या द्वारांचें कुटुंब मोठें आहे. मनुष्यांत त्यांचीं सुमारें 80 जनुकें आहेत. कुटुंब एक, पण कामें निराळीं. त्यांतील एक रुंद द्वार विजेचा दाब व कॅल्शियम या दोहोंच्या इशाऱ्यानें उघडतें आणि लहर लवकर आटोपतें. दुसरें अरुंद द्वार केवळ कॅल्शियमच्या इशाऱ्यानें उघडतें आणि एका लहरीमागून दुसरी किती अवकाशानें उठावी, यावर नियंत्रण ठेवतें.

हा भेद ओळखावयाचा कसा? एकेक द्वार निवडून बंद करावें आणि पेशीचें काय बिघडतें तें पाहावें. त्यासाठीं लागणारीं कुलुपें लाल विंचवाच्या विषांत सांपडलीं. 1990 सालीं त्यांतील आयबेरिओटॉक्सिन प्रसिद्धीस आलें. हें 37 अमिनो आम्लांचें चिमुकलें प्रथिन रुंद द्वार अडवितें. 2002 सालीं टॅमापिनची भर पडली. तें अरुंद द्वारावर बसतें.

पण दंश झालेल्या शेतकऱ्याच्या मुलास याचा काय उपयोग? त्याच विषांतील दुसरीं प्रथिनें सोडियमचीं द्वारें मिटूं देत नाहींत. मज्जातंतू अखंड चेतत राहतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. महाडच्या परिसरांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांच्या उशाशीं बसून हा क्रम टिपला; त्यांचा लेख 1982 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला. 1986 सालीं डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांजसह त्यांनीं प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा गुण त्याच पत्रांत मांडला. हें औषध पेशीचें एकहि द्वार मिटवीत नाहीं. आवळलेल्या रक्तवाहिन्या तेवढ्या सैल करतें. तेवढ्यानें असंख्य जीव वांचले.

प्रयोगशाळेनें विषांतील एकेक प्रथिन निवडून काढलें. महाडच्या वैद्यांनीं त्या सर्वांचा घाला जेथें एकवटतो, तें स्थान हेरलें. दोन्हीं ज्ञानेंच, पण दुसऱ्यास घटकेचाहि विलंब परवडत नाहीं.

मंत्रानें विंचू उतरल्याचें सांगणारे पुष्कळ भेटतात, याचें कारण पुष्कळसे दंश केवळ वेदना देऊन शमतात. परंतु दंशानंतर दरदरून घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणें हीं चिन्हें दिसलीं, तर मांत्रिकाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.