राजाची सही

नागरिकशास्त्राच्या तासाला इंग्लंडची राज्यपद्धती सांगत होतो. पार्लमेंट कायदा करते आणि राजा त्याला संमती देतो, एवढे फळ्यावर लिहून वळलो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, आणि राजाने सही केलीच नाही तर?" वर्ग हसला. मीही हसून "तसे होत नसते" म्हणालो आणि घंटेने माझी सुटका केली. परंतु वाचकहो, शिक्षकाला अडवणारा प्रश्न त्याच्या घरापर्यंत पाठलाग करतो. "तसे होत नसते" हे काही उत्तर नव्हे, हे माझे मला कळत होते.

याच प्रश्नावर एका इंग्रज नाटककाराने अख्खे नाटक रचले आहे, हे पुढे समजले. माइक बार्टलेट यांचे 'किंग चार्ल्स द थर्ड' २०१४ साली लंडनच्या अल्मेडा नाट्यगृहात प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हा राणी एलिझाबेथ हयात होत्या. नाटक मात्र त्यांच्या निधनापासूनच सुरू होते. पात्रे आजची, पण बोलतात शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांतल्या निर्यमक पद्यात. शब्दकोश उशाशी घेऊन मी ते वाचून काढले.

कथा अशी. वृत्तपत्रांवर बंधने घालणारे विधेयक पंतप्रधान नव्या राजापुढे ठेवतात. ज्या वृत्तपत्रांनी या घराण्याच्या खाजगी गोष्टी वर्षानुवर्षे चव्हाट्यावर मांडल्या, त्यांचीच बाजू चार्ल्स घेतो आणि संमती नाकारतो. पंतप्रधान हटत नाहीत, तेव्हा तो पार्लमेंटच बरखास्त करतो. रस्त्यावर जमाव खवळतो, राजवाड्यापुढे रणगाडा उभा राहतो. धाकटा हॅरी राजेशाही न मानणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. डायनाचे भूत बापाला आणि थोरल्या मुलाला वेगवेगळे गाठून एकच भविष्य सांगते, की सर्वांत थोर राजा तूच! अखेर तो थोरला विल्यम आणि सून केट मिळून चार्ल्सला गादी सोडायला लावतात.

कादंबरीकार म्हणून मला नवल वाटले ते हे, की या राजाला खलपुरुष म्हणता येत नाही. त्याचे म्हणणे रास्तच आहे. लिहिणाऱ्याच्या तोंडाला कुलूप नको, असे कोणता लेखक म्हणणार नाही? तरीही वाचता वाचता मन सांगत राहते, की हा माणूस चुकतो आहे. हे कसे? उत्तरासाठी इतिहासच उघडावा लागला.

इंग्लंडात अशी संमती शेवटची नाकारली गेली ती ११ मार्च १७०८ रोजी. विधेयक स्कॉटलंडमध्ये नागरी सेना उभारण्याचे, आणि गादीवर राणी अ‍ॅन. नकाराचे कारणही घरातलेच. १६८८ साली तिचे वडील दुसरे जेम्स यांना परागंदा व्हावे लागले, तेव्हा अ‍ॅन आणि थोरली बहीण मेरी या दोघी मुली विरुद्ध पक्षाला मिळाल्या होत्या. आता त्याच बापाचा मुलगा, म्हणजे अ‍ॅनचा सावत्र भाऊ, फ्रेंच आरमारासह स्कॉटलंडकडे निघाल्याची वार्ता आली. अशा वेळी तिथल्या लोकांच्या हाती शस्त्रे द्यायची कशी? तिने नकार दिला, पण तोदेखील मंत्र्यांच्या सल्ल्याने. म्हणजे ज्याला आपण राणीचा नकार म्हणतो, तो तिच्या एकटीचा नव्हताच.

१९३६ साली आठव्या एडवर्डपुढे पेच आला तो लग्नाचा. मिसेस सिम्प्सन यांना राणी म्हणून स्वीकारायला बाल्डविनचे मंत्रिमंडळ तयार नव्हते. १० डिसेंबरला राजाने त्यागपत्रावर सही केली. साक्षीला तिघे सख्खे भाऊ. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटने त्याचा कायदा केला आणि त्याला संमती दिली खुद्द एडवर्डनेच. राजा म्हणून त्याने दिलेली शेवटची संमती स्वतःला गादीवरून उतरवणाऱ्या कायद्याला होती!

असो. १७०८ हा आकडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटला असेल. अ‍ॅनच्या नकाराच्या दोनच महिने आधी, १२ जानेवारीला, साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. इथेही भांडण घरचेच. मोगलांच्या कैदेतून आलेल्या पुतण्याला ताराबाईंनी तोतया म्हटले आणि प्रकरण खेडच्या लढाईपर्यंत गेले. पुढे १७५० साली त्यांनी स्वतःच नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. त्याच वर्षी सांगोल्याच्या करारात कारभार पेशव्यांकडे गेला होता. गादी तिथेही राहिली आणि इथेही राहिली. सत्ता दोन्हीकडे सरकली. फरक एवढाच, की तिथे ती सभागृहाकडे गेली आणि इथे दुसऱ्या एका घराण्याकडे.

नाटकातला राजा कुठे चुकला, ते इथे उमगते. सत्कार्यासाठी का होईना, एका भल्या राजाला नकाराचा हक्क दिला, की तो त्याच्याबरोबर संपत नाही. गादीबरोबर तोही वारशाने पुढे जातो आणि पुढचा वारस भलाच निघेल याची हमी कोण देणार?

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी गेल्या आणि चार्ल्स खरोखरच तिसरे चार्ल्स झाले. ६ मे २०२३ रोजी त्यांना मुकुट चढला. त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये, खऱ्या हॅरीने राजघराण्याची कामे सोडण्याचे जाहीर केले होते.

मी पुन्हा वर्गात गेलो. त्या मुलाला म्हणालो, "बाळ, सही राजाची दिसते, पण ती त्याची नसते. लेखणी तेवढी त्याच्या हातात दिलेली असते." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग गुरुजी, पार्लमेंटच चुकले तर?"

या वेळी घंटा झाली नाही. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "तेवढ्यासाठीच तर तुला शाळेत घातले आहे."