खलाशाचें पाणी आणि आरमाराची रम

शिडांच्या जुन्या लढाऊ जहाजांचें नांव काढलें कीं तोफांचा गडगडाट कानीं येऊं लागतो. पण त्या जहाजांवरील माणसांचा रोजचा शत्रु तोफेमागें उभा नसे. तो त्यांच्याच जहाजाच्या तळाशीं, पिंपांत दडलेला असे. तो म्हणजे नासलेलें पाणी. या शत्रूशीं इंग्रजांच्या आरमारानें कसा सामना केला, आणि त्यांतून दुसरा शत्रु कसा घरांत घेतला, ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

गोडें पाणी लांकडी पिंपांत भरून जहाजाच्या तळाशीं रचून ठेवीत. थोड्याच आठवड्यांत तें हिरवट व बुळबुळीत होई, त्याला दुर्गंधि सुटे. बियर त्या मानानें टिके. म्हणून प्रत्येक खलाशास रोज एक गॅलन, म्हणजे सुमारें साडेचार लिटर, बियर देण्याचा नियम होता. हा आंकडा ऐकून दचकूं नका. ती चैन नव्हती. पाण्याच्या जागीं आलेलें तें पेय होतें. परंतु तिलाही जागा किती लागावी? १८०५ सालच्या ट्रफाल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर सुमारें ८२० माणसें होतीं. एवढ्यांना सहा महिने पुरेल इतकी बियर म्हणजे जवळजवळ दीड लाख गॅलन! शिवाय उष्ण प्रदेशांत बियरही आंबून जाई.

१६५५ सालीं इंग्रजांनीं स्पेनकडून जमेका बेट जिंकलें. तेथें उसाच्या मळीची रम स्वस्त आणि मुबलक होती. ती नासत नसे. पुढें १७३१ च्या नियमांनीं एक गॅलन बियरच्या बदलीं अर्धा पाइंट रम हें प्रमाण ठरविलें. म्हणजे जागा सोळाव्या हिश्श्याची पुरे. कोठाराच्या हिशेबानें सौदा उत्तम होता. पण खलाशी ती कडक रम निर्भेळ पीत, कोणी सांठवून एकदम घशाखालीं उतरवीत, आणि त्याच अवस्थेंत शंभर-शंभर फूट उंच डोलकाठीवर चढून शिडें आवरीत. तोल गेला तर मरण, आणि झिंगलेला सांपडला तर उघड्या पाठीवर कोरडे! जें पेय सरकार स्वतः वांटी, त्याच्याच परिणामाबद्दल सरकारच कोरडे ओढी.

वेस्ट इंडीजमधील इंग्रजी आरमाराचा सेनापति अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यानें ही दुर्दशा पाहून २१ ऑगस्ट १७४० रोजीं हुकूम काढला. अर्ध्या पाइंट रममध्यें दोन पाइंट पाणी घालावें; हें मिश्रण डेकवर अधिकाऱ्यासमक्ष करावें; आणि दिवसांतून दोन वेळां वांटावें. ज्यांना रुचि हवी त्यांनीं शिध्यांतील बचतींतून साखर व लिंबू घ्यावें. व्हर्नन 'ग्रोग्रॅम' नांवाच्या भरड कापडाचा झगा वापरी. म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. तेंच नांव या पाणी घातलेल्या रमला चिकटलें! दारूला लगाम घालणाऱ्याचें नांव दारूलाच मिळावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पण त्या लिंबानें पुढें मोठें काम केलें. १७९५ नंतर आरमारांत लिंबाचा रस नियमानें मिळूं लागला. तो ग्रॉगमध्येंच मिसळीत, आणि हिरड्या सुजवून माणूस मारणारी स्कर्व्ही मागें हटली.

१८१५ च्या सुमारास लांकडी पिंपांऐवजीं लोखंडी टांक्या आल्या. पाणी गंजकट लागे, पण पूर्वींसारखें कुजत नसे. रमचें मूळ कारण संपत आलें. रम मात्र गेली नाहीं. १८२४ सालीं शिधा निम्मा झाला, १८५१ पासून पुन्हां निम्मा. खलाशी आतां तिला गरज म्हणत नव्हते. हक्क म्हणत होते. अखेर ३१ जुलै १९७० रोजीं हा शिधा कायमचा बंद झाला. त्या दिवशीं कित्येक खलाशांनीं दंडाला काळ्या फिती बांधल्या, कोठें कोठें रमची लुटुपुटीची प्रेतयात्राही निघाली.

पाणी सुधारल्यावरही दीडशें वर्षें ही रीत टिकली. तिला हंसण्यापूर्वीं, श्रोतेहो, त्या पिंपांतलें हिरवें पाणी एकदां डोळ्यांसमोर आणावें. खलाशाच्या हातीं रमचा पेला प्रथम दिला तो त्याच्या व्यसनानें नव्हे, तहानेनें. व्यसन मागाहून आलें. आणि त्याची किंमत त्यानें आपल्या पाठीवर मोजली.