समुद्रापलीकडची खुशाली

२०२४च्या डिसेंबरात माझी धाकटी बहीण उमऱ्याला निघाली. निघायच्या आदल्या रात्री ती मुलासह बिद्रीत आमच्याकडं मुक्कामाला होती. भाचा पुण्यात नोकरी करतो. जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला, पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणला, आईचा मोबाइल त्याच्यासमोर धरला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाला, "मामा, झालं. अम्मीचं तिकडचं सिम बसलं."

मी विचारलं, "कार्ड कुठाय?"

"कार्ड नसतंय मामा आता. ई-सिम म्हणतात त्याला."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कवितेतली गोष्ट दिसली नाही तरी चालते, पण फोनमधली दिसायला हवी अशी माझी समजूत. त्या रात्री मला झोप लागली नाही. सिम कार्डाचं कोडं होतंच, पण त्याहून जास्त आठवत राहिले ते माझे आज्जा.

आज्जा १९७८ साली हजला गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बिद्रीच्या स्टँडवर अर्धं गाव त्यांना निरोप द्यायला आलं होतं. हिंदू-मुसलमान सगळेच गळ्यात हार घालत होते आणि "चुकलं-माकलं माफ करा" असं आज्जा प्रत्येकाला म्हणत होते. तेव्हाची रीतच तशी होती. माणूस परत येईलच याची खात्री नसायची. कोल्हापूरहून रेल्वेनं मुंबई, तिथं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मोगल लाइनच्या जहाजानं अरबी समुद्र ओलांडून जेद्दा. जहाज सुटलं की माणूस दोन-अडीच महिने आपल्यातून उठूनच गेल्यासारखा व्हायचा.

आज्जा गेल्यावर तीन आठवड्यांनी आमची फुफी, म्हणजे त्यांची थोरली लेक, बाळंतपणात गेली. वडील दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला तार करायला गेले. तारेचे पैसे शब्दावर असायचे, परदेशची तार तर फारच महाग. त्यांनी चिठ्ठीवर चार शब्द लिहून नेले होते. संध्याकाळी ती चिठ्ठी तशीच खिशात घेऊन ते परत आले. आईला म्हणाले, "तार पोचली तरी म्हाताऱ्यानं करायचं काय? जहाज मध्येच वळत नाही. हज तरी नीट होऊ दे."

पुढं आज्जांचं निळं एअरोग्राम आलं, ते फुफीच्या चाळिसाव्यानंतर. त्यात सगळ्यांची नावं घेऊन खुशाली विचारली होती. पहिलं नाव तिचं होतं. आज्जा परत आले तेव्हा स्टँडवर त्यांना न्यायला वडील एकटेच गेले. दोघं घरापर्यंत चालत आले. वाटेत काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही.

त्या काळी साधनं नव्हतीच, असं मात्र नाही. १८७० मध्येच मुंबईपासून एडन, सुएझ करत लंडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल पडली होती. आज्जांचं जहाज ज्या एडनच्या वाटेनं तांबड्या समुद्रात शिरलं, त्याच वाटेच्या खाली शंभर वर्षांपासून बातम्या धावत होत्या. बाजारभाव, युद्धं, सरकारी हुकूम सगळं जात होतं. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीहून बिनतारी संदेश विलायतेला जाऊ लागले आणि तिकडचे दौंडला उतरू लागले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहाशी बोलणारी मोठी तबकडी उभी राहिली. त्या केंद्राला विक्रम साराभाईंचं नाव आहे. म्हणजे जगाशी बोलायचा दरवाजा आपल्याच महाराष्ट्रात होता. फक्त तो बिद्रीच्या माणसासाठी उघडा नव्हता. ट्रंक कॉल लावून चार-चार तास बसायचं, तेही ज्याच्याकडं फोन आहे त्याच्या पडवीत.

दरवाजा किलकिला झाला तो १९८६च्या सुमारास. सी-डॉट या सरकारी संस्थेनं खेड्यातली धूळ, उन्हाळा आणि विजेचा लपंडाव सोसेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्सचेंज तयार केलं. ते पहिल्यांदा बसलं आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्माच्या किट्टूरला. पुढं पिवळ्या पाट्यांचे एसटीडी, आयएसडी बूथ आले. आमच्या भागात मुदाळ तिट्ट्यावर, मुरगूडला, गारगोटीला त्या काचेच्या खोक्यात शिरून लोक ओरडून बोलायचे. डोळे मात्र समोरच्या लाल आकड्यांवर असायचे. आकडा वाढला की माया आटोपती घ्यायची.

रत्नागिरीकडच्या आमच्या सोयऱ्यांचं तंत्र वेगळं होतं. कोकणात तेव्हा घराघरातून एखादा माणूस आखातात. ते लोक पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. कुवेतहून गावी येणाऱ्याच्या बॅगेत साबण, अत्तर आणि एक कॅसेट. ती घरी सगळ्यांसमोर लागायची. मग तीच पुसून तिच्यावर घरच्यांचा आवाज भरायचा आणि जाणाऱ्याबरोबर परत धाडायची. मी अशी एक ऐकली आहे. तिच्यात एक बाई काहीच बोलत नव्हती, मागं कोंबड्या ओरडत होत्या, एवढंच. नवऱ्याला तेवढंही पुरलं असेल.

भारतात मोबाइलवरचं पहिलं बोलणं ३१ जुलै १९९५ रोजी झालं. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. योगायोग असा की मुंबई-जेद्दा हज जहाजाची वाहतूक थांबली तीही १९९५ मध्येच. त्यानंतर हाजी फक्त विमानानं जाऊ लागले.

पण मला सांगायचंय ते त्या कार्डाबद्दल. पहिलं सिम कार्ड १९९१ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीनं बनवलं, ते फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी. ही कंपनी मुळात नोटा छापणारी. सिमचं काम पाहिलं की हे चमत्कारिक वाटत नाही. सिमच्या पोटात दोन गोष्टी असतात, एक ग्राहकाचा क्रमांक आणि एक गुपित आकडा. पूर्वी गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारत, तसाच प्रकार. फरक एवढाच की इथं शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसतो. टॉवरकडून एक कोडं येतं, सिम आपल्या गुपिताच्या आधारानं त्याचं उत्तर देतं आणि उत्तर जुळलं की दरवाजा उघडतो. गुपित कार्डाबाहेर पडत नाही.

पहिली कार्डं आजच्या एटीएम कार्डाएवढी होती. मग फोन लहान झाले तसं प्लॅस्टिक कातरत आणलं. २०१२ मध्ये आलेलं नॅनो सिम जेमतेम बारा मिलिमीटर लांबीचं, करंगळीच्या नखाएवढं. इतकी लहान वस्तू परदेशात माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये.

जानेवारी २०२३ मध्ये मी आणि पत्नी उमऱ्याला गेलो होतो. आपलंच सिम तिकडं चालू ठेवलं, म्हणजे रोमिंग केलं, तर आपली कंपनी तिकडच्या कंपनीला पैसे देते आणि ते आपल्याकडून वसूल करते. पॅक न घेता डेटा चालू राहिला तर फोन खिशात पडल्या-पडल्या फोटो धाडत राहतो आणि बिल वाढत जातं. म्हणून मदिनेत पोचल्यावर तिकडचं सिम घ्यायला दुकानात गेलो. सौदीत २०१६ पासून सिमसाठी बोटाचा ठसा द्यावा लागतो. पत्नीचा ठसा यंत्राला वाचताच येईना. तीस वर्षं भांगलण, शेण-घाण, भांडी. रेषा राहिल्यात कुठं? दुकानदारानं दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी माझ्याच नावावर एक सिम मिळालं.

तिच्या सेफ्टी पिननं मी फोनचा खण उघडला, आपलं सिम काढलं आणि कागदाच्या तुकड्यात गुंडाळून कुडत्याच्या खिशात ठेवलं. दोन दिवसांनी पाहतो तर कागद आहे, सिम नाही. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरावर चालू होतं, त्यामुळं मुलांना काही कळलं नाही. पण बँकेचा ओटीपी येईना आणि पैसे हलेनात. त्याहून वाईट म्हणजे माझे ऐंशी वर्षांचे चुलते. त्यांच्याकडं बटणांचा फोन. त्यांना एकच नंबर पाठ, तो माझा जुना. त्यांनी दोन दिवस तो लावला आणि "बंद आहे" हे ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी ते सकाळी उठून आमच्या घरी येऊन बसले. बोलले काही नाहीत, नुसते बसून राहिले. मुलानं व्हिडिओवर माझं तोंड दाखवलं तेव्हा उठले.

ई-सिमचा खरा फायदा मला इथं दिसतो. फोनच्या आत कारखान्यातच एक चिप कायमची डकवलेली असते. मोबाइल कंपनीचा क्रमांक आणि ते गुपित कुलूपबंद होऊन इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरतं. भाच्यानं दाखवलेला चौकोन म्हणजे ते कुठून उतरवायचं याचा पत्ता. आपलं नेहमीचं सिम खणात तसंच राहतं, त्यावर ओटीपी येतो, चुलत्यांचा फोन वाजतो. डेटा तेवढा ई-सिमवरून. मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या जागतिक संघटनेनं साध्या ग्राहकांसाठी याचे नियम २०१६ मध्ये आणले. आधी घड्याळात, मग २०१७-१८ पासून फोनमध्ये ते आलं आणि २०२२ पासून अमेरिकेत विकले जाणारे नवे आयफोन तर सिमच्या खणाविनाच आले.

यात एक गंमत आहे. इंटरनेट मिळवायचं ई-सिम उतरवायला इंटरनेटच लागतं. दोर विहिरीत आणि विहिरीत उतरायला दोर! म्हणून ते निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवायचं. फोनला ई-सिम चालतं का हे आधी पाहायचं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला की बहुधा चालतं. तिकडं उतरल्यावर डेटा रोमिंग ई-सिमचं चालू करायचं आणि आपल्या सिमचं बंद ठेवायचं. प्रवासी ई-सिमवर बहुतेकदा फक्त डेटा असतो, बोलायचा नंबर नसतो. आणि काही बिघडलं म्हणून ते पुसून टाकायचं नाही; तोच चौकोन दुसऱ्यांदा सहसा चालत नाही.

घ्यायचं कुणाकडून, हाही प्रश्न आहेच. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत पत्र लागतं आणि विकणाऱ्यानं पासपोर्टसारखी ओळख तपासायची असते. तसं पत्र नसल्यावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन परदेशी कंपन्यांची अ‍ॅप्स भारतात बंद करायला लावली. अशा नंबरांचा वापर फसवणुकीत होतो, अशी तक्रार होती. प्रवाशाला हा त्रास वाटतो. पण खोट्या पोलिसांच्या फोनला भिऊन आयुष्याची पुंजी गमावलेले पेन्शनर आठवले की मला तो त्रास मान्य होतो. भाच्यानं पासपोर्टचा फोटो दोनदा मागितला तेव्हा बहीण चिडली, मी नाही.

आणि डेटा ही तिथं आता चैनही राहिलेली नाही. मदिनेत मशिदे नबवीतल्या रौजात नमाजला जायचं तर नुसुक या सरकारी अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. दारावर फोन दाखवायचा. ज्याचा फोन मुका, त्यानं कुणाच्या तरी हातापाया पडायचं. आमच्या वेळी अशी एक म्हातारी दाराशी उभी होती. मराठी बोलत होती, बहुधा मराठवाड्यातली. तिचा मुलगा गर्दीत पुढं गेला होता आणि परवानगी त्याच्या फोनमध्ये होती.

बहीण गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे माझा फोन वाजला. पडद्यावर ती, मागं मदिनेतल्या त्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या. रात्री वेळ मिळाली होती, रौजात जाऊन आली होती. रडून डोळे सुजलेले. तिनं आज्जांसाठी दुआ केली, फुफीसाठी केली. फुफीला तर तिनं पाहिलंही नव्हतं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, तोडणीची टोळी आली का रे? ऊस गेला का आपला?"

अजून नव्हता गेला. मी तिला तसं सांगितलं. एवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. "थांब, थांब, ऐकू दे," ती म्हणाली. मी फोन खिडकीबाहेर धरला.