दुधाच्या गाडीसाठी झालेले रस्ते

निवृत्तीनंतर शहर सोडायचं, खेड्यात राहायचं आणि गुडघे साथ देतील तोवर सायकल चालवायची, असं ठरवलेला माणूस जागा शोधताना डोंगर पाहतो, नदी पाहतो, थंडी किती पडते आणि दवाखाना किती लांब आहे हे विचारतो. रस्ता मात्र तो गृहीत धरतो. डोंगर-नदीसारखा तोही तिथे मुळातच असणार, अशी आपली समजूत असते. पण खेड्यातला रस्ता कोणीतरी, कशासाठी तरी, कुणाच्या तरी पैशांनी केलेला असतो आणि ते कारण संपलं की रस्त्याचेही दिवस भरत येतात. म्हणून सायकलसाठी गाव निवडणाऱ्याने निसर्गाच्या आधी गावाचा धंदा पाहावा, असं माझं म्हणणं आहे. ते गाव काय विकत होतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेळा विकत होतं, हे विचारावं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नैर्ऋत्य कोपरा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिकडच्या सायकलवाल्यांत या भागाचं मोठं नाव आहे. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडल्यावर तिकडे गेलेली मराठी माणसांची पहिली पिढीही आता पेन्शनीत आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही.

या मुलखाला ‘ड्रिफ्टलेस’ म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या आजूबाजूचा सगळा प्रदेश रंध्याने तासावा तसा सपाट करून गेल्या, पण या तुकड्याला वळसा घालून गेल्या. हिमनद्यांनी मागे टाकलेला गाळ-गोटा म्हणजे ड्रिफ्ट, तो इथे नाही म्हणून हे नाव. त्यामुळे इथे अरुंद दऱ्या, त्यांतून वाहणारे थंड पाण्याचे झरे आणि वर लांबच लांब धारा आहेत. दरीतून धारेवर चढायचं, धारेवरून चार-सहा मैल मोकळ्या आकाशाखाली जायचं आणि पुन्हा दरीत उतरायचं, असं इथलं सायकल चालवणं असतं. दर थोड्या अंतरावर एक आडरस्ता फुटतो. तो डांबरी असतो आणि त्यावर गाड्या जवळजवळ नसतात. हा सगळा निसर्गाचा प्रसाद आहे असं म्हणावं, तर मिसिसिपी नदी ओलांडून पलीकडे जाऊन पाहावं. ड्रिफ्टलेस प्रदेश नदीपाशी थांबत नाही, तो आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातही शिरतो. तिथेही डोंगर तसेच, झरे तसेच आणि थंडीही तशीच आहे. पण तिथले आडरस्ते बहुतांश खडीचे आहेत. निसर्ग दोन्हीकडे सारखा असताना रस्ते वेगळे का झाले, याचं उत्तर निसर्गात सापडणार नाही.

ते उत्तर दुधात आहे. विस्कॉन्सिन सुरुवातीला गव्हाचं राज्य होतं. १८६०च्या सुमारास गव्हाच्या उत्पादनात ते देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. मग जमिनीचा कस गेला, किडीने पिकं खाल्ली आणि पश्चिमेकडच्या नव्या जमिनींनी बाजार मारला. शेतकरी गायींकडे वळले. १८७२मध्ये विस्कॉन्सिन डेअरीमेन्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्यामागचा पत्रकार विल्यम हॉर्ड पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. १८९०मध्ये स्टीफन बॅबकॉकने दुधातला स्निग्धांश मोजण्याची साधी चाचणी काढली, त्यामुळे पाणी घालून दूध खपवणाऱ्याची सोय गेली. १९१५पर्यंत दुग्धव्यवसायात हे राज्य देशात पहिलं आलं. १९२०च्या दशकात इथे चीजचे अडीच हजारांहून अधिक छोटे कारखाने होते, म्हणजे जवळपास दर दरीच्या तोंडाशी एक. आता गहू आणि दूध यांत रस्त्याच्या दृष्टीने फरक काय, ते पाहा. गहू कोठारात वाट पाहतो. रस्ता चिखलात गेला तर शेतकरी तो वाळेपर्यंत थांबतो. दूध थांबत नाही. धार रोज दोनदा निघते आणि ती वेळेत कारखान्यात पोचली नाही तर डुकरांना घालावी लागते. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांचं काय होतं ते आपण जाणतो, पण ऊस वर्षातले काही महिनेच रस्ता मागतो. दूध वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मागतं, बर्फ पडत असतानाही. घोडागाडीच्या जागी मोटारट्रक आला, तेव्हा तो ट्रक प्रत्येक गोठ्याच्या दारापर्यंत रोज नेणं हीच इथल्या रस्तेबांधणीची कसोटी ठरली. मुख्य रस्ता कितीही चांगला असला तरी शेवटचा अर्धा मैल चिखलाचा असेल तर दूध नासलंच.

आयोवाच्या त्या कोपऱ्यातही गायी होत्याच की, असं कोणी म्हणेल. होत्या, पण तिथला धंदा प्रामुख्याने लोण्याचा होता. शेतकरी घरीच यंत्राने साय वेगळी करी, उरलेलं दूध डुकरांना घाली आणि साय आठवड्यातून दोन-तीनदा पाठवी. चीजला मात्र संपूर्ण दूध लागतं आणि तेही ताजं. एकाच जनावराच्या दोन पदार्थांनी दोन प्रकारचे रस्ते मागितले. याहून वजनदार आक्षेप कारभाराचा आहे. आयोवाने १९२९मध्ये गावांचे रस्ते काढून काउंटीच्या हवाली केले. विस्कॉन्सिनमध्ये ते टाउनकडेच राहिले. टाउन म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीला जवळची संस्था. अशी साडेबाराशेच्या आसपास टाउन राज्यात आहेत आणि राज्यातल्या एकूण रस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक लांबी त्यांच्याकडे आहे. तेव्हा डांबर दुधामुळे पडलं की गावाच्या हातात कारभार राहिला म्हणून पडलं? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कारभार गावाच्या हातात नसता तर प्रत्येक गोठ्यापर्यंत डांबर गेलं नसतं. पण कारभार हातात असणं आणि त्या हातांनी वर्षानुवर्षं स्वतःवर कर बसवून डांबर टाकणं यांत अंतर आहे. ते अंतर कापायला रोज सकाळी नासण्याची भीती घालणारं काहीतरी लागतं. गावच्या सभेत बसणारे बहुतेक जण गोठ्यातून उठून आलेले होते, हे इथे विसरून चालत नाही.

आता सायकलवाल्यांचा दावा. अमेरिकेतले चांगले रस्ते आम्हीच मागून घेतले, असं ते अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना १८८०मध्ये स्थापन झाली आणि १८९८च्या सुमारास तिचे सभासद लाखावर गेले. तिने चांगल्या रस्त्यांसाठी मासिक काढलं, पुस्तिका वाटल्या, आमदार-खासदारांच्या मागे लकडा लावला. १८९३मध्ये केंद्र सरकारने कृषी खात्यात रस्त्यांच्या चौकशीसाठी एक छोटी कचेरी उघडली, त्यामागेही हा रेटा होता. पण शेतकऱ्याने त्यांना दारात उभं केलं नाही. त्याच्या लेखी सायकल म्हणजे शहरातल्या सुखवस्तूंचा रविवारचा खेळ. तेव्हा खेड्यातला माणूस रस्त्याचा कर अनेकदा स्वतः फावडं घेऊन, काही दिवस राबून फेडी. रस्ता पक्का झाला तर रोख कर भरावा लागेल आणि त्यावरून मजा करायला शहरवाले येतील, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मिलवॉकीचा वकील ऑटो डॉर्नर हा लीगचा पुढारी. चांगल्या रस्त्यांचे पैसे शेतकऱ्यानेच भरायचे का, हाच प्रश्न त्याने आपल्या पुस्तिकेच्या शीर्षकात घातला, यावरून विरोधाची नस कुठे होती ते कळतं. विस्कॉन्सिनच्या १८४८च्या राज्यघटनेत तर राज्याने असल्या कामांवर पैसा खर्च करू नये असंच होतं. ती आडकाठी १९०८च्या घटनादुरुस्तीने दूर झाली आणि १९११मध्ये राज्याचा महामार्ग आयोग आला. तोवर सायकलची लाट ओसरली होती आणि लीग नावापुरती उरली होती. मधल्या काळात शेतकऱ्याचं मन वळवलं ते १८९६मध्ये सुरू झालेल्या घरपोच टपालाने, कारण रस्ता धड नसेल तर पोस्टमन येणार नाही अशी टपाल खात्याची अट होती, आणि चीजच्या कारखान्याने. सायकलवाल्यांनी मागणी केली हे खरं, पण पैसे ज्याने भरायचे त्याला पटलं ते स्वतःच्या गरजेमुळे. ज्या रस्त्यांना शेतकऱ्यांनी नाकं मुरडली, त्यांवरूनच आज सायकली जातात. इतिहासाला अशा खोड्या काढायची हौस असावी.

डांबरी रस्त्यांवरचे चढ साठीनंतरच्या गुडघ्यांना नेहमीच मानवतात असं नाही. त्यांच्यासाठी या भागात आणखी एक वाट आहे आणि तीही एका मेलेल्या धंद्याचीच. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ३२ मैलांचा मार्ग टाकला. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून डोंगराला वळसे घातले आणि जिथे वळसा शक्य नव्हता तिथे तीन बोगदे खणले. त्यांतला सर्वांत लांब जवळपास ११६० मीटरचा आहे, तो खणायला तीन वर्षं लागली. हिवाळ्यात आतलं झिरपणारं पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून बोगद्यांच्या तोंडांना भलेमोठे लाकडी दरवाजे होते. गाडी यायच्या वेळी ते उघडायला आणि गेल्यावर लावायला पहारेकरी ठेवलेला असे. ट्रकांनी माल पळवला आणि १९६४मध्ये ही लाइन सोडून देण्यात आली. पुढच्याच वर्षी राज्याने ती जागा विकत घेतली, रूळ उखडलेल्या जागी चुनखडीचा बारीक चुरा अंथरला, आणि रेल्वेमार्गाचे सायकलमार्ग करण्याची जी पद्धत पुढे देशभर पसरली, तिचा पहिला नमुना म्हणून बहुतेक पुस्तकं याच वाटेचं नाव घेतात. वाटेत केंडल, विल्टन, नॉरवॉक ही गावं आगगाडीच्या अंतराने, म्हणजे एका दमात सायकलने गाठता येतील अशा अंतरांवर लागतात. स्पार्टा तर आता स्वतःला अमेरिकेची सायकल राजधानी म्हणवून घेते. बोगद्यात मात्र उतरून, दिवा लावून, वरून ठिबकणारं पाणी अंगावर घेत चालत जावं लागतं. रेल्वेने ही वाट वृद्धांच्या गुडघ्यांसाठी सपाट केली नव्हती, इंजिनाच्या ताकदीसाठी केली होती.

डोंगर तरी निसर्गाचा आहे की नाही, असं कोणी विचारेल. तोही पुरता नाही. उतारावरच्या नांगरटीने १९३०पर्यंत इथल्या दऱ्या घळींनी फाटल्या होत्या. १९३३मध्ये कून व्हॅलीत देशातला पहिला पाणलोट संधारणाचा प्रकल्प झाला. समपातळीत पट्टे आखून पिकं घेतली गेली, उतारावर गवत राखलं गेलं, आणि आज धारेवरून जे हिरवे-पिवळे पट्टे डोळ्यांना सुखावतात ते त्या कामाचे आहेत. जवळच किकापू नदीवर ला फार्ज गावापाशी धरण मंजूर झालं, दीडशेच्या आसपास कुटुंबं उठवली, १९७१मध्ये काम सुरू केलं आणि १९७५मध्ये अर्ध्यावर सोडून दिलं. पाण्याखाली जायची होती ती जमीन आज राखीव आहे, तिच्यातला काही भाग या भूमीतून पूर्वी हाकलल्या गेलेल्या हो-चंक लोकांकडे परत गेला आहे आणि त्या खोऱ्यातल्या जुन्या हमरस्त्यावरून आता सायकली जातात. कोयना किंवा उजनीची हकिगत ठाऊक असलेल्या वाचकाला त्या उठवलेल्या घरांबद्दल वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत कठीण आक्षेप असा, की दूधच संपत चाललं असेल तर या सगळ्या इतिहासाचा निवृत्त माणसाला उपयोग काय. १९३०च्या दशकात राज्यात गायी पाळणारी दीड लाखाहून अधिक शेतं होती. २०२३मध्ये परवानाधारक दुग्धशेतं सहा हजारांच्या खाली आली. दूध कमी झालं नाही, उलट वाढलं, पण ते मोजक्या मोठ्या गोठ्यांत गेलं. म्हणजे शंभर दऱ्यांत रोज जाणारा हलका ट्रक गेला आणि चार ठिकाणी जाणारा अवजड टँकर आला. तो टँकर आडरस्त्यांना तुडवतो आणि बाकीच्या दऱ्यांतले रस्ते कुणासाठी राखायचे हा प्रश्न उरतो. मध्य-पश्चिमेतल्या काही राज्यांत डांबर उखडून पुन्हा खडी टाकायला सुरुवात झालीही आहे. खडीवरच्या सायकलिंगची आता तिकडे फॅशन आहे, हे मला माहीत आहे. पण ती रुंद टायरांची आणि मजबूत मनगटांची फॅशन आहे, सत्तरीतल्या माणसाने तिच्या भरवशावर घर घेऊ नये. याच आक्षेपाने माझा मुद्दा उलट पक्का होतो. जागा निवडणाऱ्याने रस्त्याचा पृष्ठभाग पाहून भागत नाही. त्या रस्त्याने अजून रोज कोणाला जावं लागतं, शाळेची बस, टपाल, दूध, हे पाहावं लागतं. १९८८मध्ये निघालेल्या, ला फार्जमधल्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसारखा एखादा धंदा जिथे छोट्या गोठ्यांना टिकवून धरतो, त्या दऱ्यांत दुधाच्या ट्रकचा फेरा अजून चुकलेला नाही. पहाटे बर्फ कोणत्या रस्त्यावरचं आधी काढतात, हे विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आणि दर एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी टाउनची वार्षिक सभा भरते. तिथे राहायला आलेल्या प्रत्येक प्रौढ मतदाराला तिच्यात हात वर करता येतो. विषयांत कर असतो आणि कराच्या मागे रस्ता असतो. ठरावीक पेन्शनवर जगणारा, सायकलसाठी इथे आलेला माणूस त्या सभेत बसलेला असतो. त्याच्या घरावरचा कर वाढवून गावाबाहेरची, आता गाय नसलेली एक दरी पुन्हा डांबरी करायची की नाही, असा ठराव समोर येतो. चांगल्या रस्त्यांचे पैसे कोणी भरायचे, हा डॉर्नरच्या पुस्तिकेतला प्रश्न आता शेतकरी सायकलवाल्याला विचारतो.