कोसबाडची टेकडी, तारापूरची भट्टी आणि पडद्यावरचा खेळ

ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांचा दिवस. नुसते फलक वाचून लोक कंटाळतात, हे विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ओळखले होते. उसळत्या चेंडूचा मार्ग काढू शकणारा अ‍ॅनालॉग संगणक त्याने पाच इंची ऑसिलोस्कोपला जोडला आणि पडद्यावर टेनिस सुरू झाले. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी तोच चेंडू चंद्राच्या किंवा गुरूच्या गुरुत्वाकर्षणात खेळता येऊ लागला. म्हणजे व्हिडिओ गेमचा धंदा होण्याआधीच त्यातून विज्ञान दाखवणे सुरू झाले होते!

जवळपास त्याच वेळी, १९५७ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणाचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. बिया, पाने, खडे, शिंपले घेऊन आदिवासी मुले मोजायला, निवडायला शिकू लागली. पालघर जिल्ह्यात खेळातून विज्ञान शिकवण्याचे मूळ शोधायचे तर तारापूरच्या आधी कोसबाडला जावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे अणुभट्टी पडद्यावरच्या खेळातही आली: १९८१ मध्ये ख्रिस क्रॉफर्डने अटारी संगणकासाठी 'स्क्रॅम' हा खेळ तयार केला. त्यात खेळणाराच अणुभट्टी चालवतो. भूकंपाने कुठला पंप, कुठली झडप निकामी झाली हे तापमानाच्या आकड्यांवरून ओळखायचे आणि दुरुस्तीला माणसे पाठवायची. डहाणू-तलासरीची मुले नोव्हेंबर २०१८ पासून जमिनीचे हादरे सोसत मोठी झाली. त्यांना असा खेळ किती जवळचा वाटेल!

भारतीय शाळांत संगणक आले ते १९८४-८५ च्या 'क्लास' योजनेतून. विज्ञान पडद्यावर करून पाहण्याची खरी सोय मात्र २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या 'फेट' या सिम्युलेशनांच्या संचाने केली. त्यातली विद्युतमंडले, लंबक, अणुरचना मराठीतही आहेत, मोफत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

बरोबर उत्तराला नाणी देणाऱ्या खेळांना मी विज्ञानाचे खेळ मानत नाही. ती परीक्षाच आहे, फक्त रंगीत. मुलाने एखादी राशी बदलावी, काय होईल याचा अंदाज बांधावा, तो चुकावा आणि पुन्हा करून पाहावे, एवढे ज्यात घडते तोच खेळ वर्गात आणावा. बोईसर-पालघरच्या विज्ञान शिक्षकांनो, पुढचा विद्युतधारेचा धडा फळ्याआधी 'फेट'वर घ्या, आणि बल्ब का पेटला नाही ते मुलांनाच शोधू द्या.